भावाच्या नऊ कोंबड्या

हेल्मी रौतिओने भावाच्या नऊच्या नऊ कोंबड्या हिवाळ्यात शिजवून खाल्ल्या, अशी बातमी फेब्रुवारीत हौकी तळ्याच्या काठाकाठाने पसरली. सांगणाऱ्यांकडे पुरावाही होता. तिच्या लाकडांच्या शेडमध्ये खिळ्याला पोतं टांगलेलं आहे आणि त्यातून पिवळे पंजे बाहेर डोकावताहेत. चर्चच्या तळघरात कॉफीचा पहिला कप झाला तेव्हा कोंबड्यांचं नुसतं सूप होतं. तिसऱ्या कपापर्यंत त्यात शेवया पडल्या, गाजरं पडली, आणि हेल्मीने ते एकटीने, दार लावून, कुणाला चमचाभरही न देता संपवलं होतं.

यातलं पोतं तेवढं खरं. पंजेही खरे, पण चारच. दोन कोंबड्या मेल्या होत्या, आणि त्या हेल्मीने खाल्ल्या नव्हत्या, पुरल्याही नव्हत्या. पुरणार कुठे? नोव्हेंबरात इथली जमीन लोखंड होते ती एप्रिलशिवाय कुदळ घेत नाही. जानेवारीत गेलेली माणसंसुद्धा मातीसाठी वसंताची वाट बघत पडून असतात, मग कोंबडीला कोण विचारतो! हेल्मीने त्या वर्तमानपत्रात गुंडाळून टांगल्या होत्या त्या मालकाला दाखवायला. नऊ दिल्या होत्यास, सात चालत्याबोलत्या आहेत, दोन या, असा चोख हिशेब तिला द्यायचा होता. आता आम्हीच म्हणतो, खाल्ल्या असत्यास तर बरं झालं असतं बाई. निदान त्या हिवाळ्यात कुणाच्या तरी पोटात काहीतरी पडलं असतं.

हेल्मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांची. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. आमच्या निम्म्या गावाने तिच्या हातचा बटाट्याचा लगदा खाल्लाय आणि निम्म्या गावाला तिने तो टाकून दिल्याबद्दल डोक्यात टपली मारलीय. लग्न केलं नाही. एक लाकूडतोड्या चार वर्षं तिच्यासाठी थांबला होता, पण तेव्हा आईला अर्धांगवायू झालेला. आई नऊ वर्षं अंथरुणावर होती. तिच्यामागे बाबा, सहा वर्षं. लाकूडतोड्याने शहाण्यासारखं दुलूथला जाऊन दुसरी बघितली. बाबा गेले, मृत्युपत्र उघडलं, तर घर, शेत, तळ्याचा काठ, सगळं थोरल्या आर्वोच्या नावावर. हेल्मीला आईचं शिवणयंत्र आणि "मुलीची काळजी भाऊ घेईल" असं एक वाक्य.

भावाने काळजी घेतली. शेताच्या कडेला एक जुनं पत्र्याचं चाकांवरचं घर आणून उभं केलं आणि म्हणाला, रहा. त्या घराची चाकं कधीच गेली होती, पण वारा असा शिरायचा की ते अजून चाललंय असं वाटावं. दर जानेवारीत त्याचे नळ गोठायचे आणि हेल्मी केसांचं ड्रायर घेऊन पालथी पडून त्यांना शेक द्यायची.

आर्वो लोखंडाच्या खाणीतून निवृत्त झाला आणि त्याने इथल्या बऱ्याच जणांनी केलं तेच केलं. ऑक्टोबर संपता संपता गाडी भरायची, बायकोला बसवायचं आणि ॲरिझोनाला जायचं. तिथे म्हणे जानेवारीत लोक अर्ध्या चड्डीत फिरतात. बायको डार्लीन, राज्याच्या दक्षिणेकडची, आमच्यासारखी फिनिश नव्हे. स्वभावाने वाईट म्हणता येणार नाही, पण तिला दर वसंतात काहीतरी नवं लागायचं. एका वसंतात मधमाश्या, एकात मातीची भांडी. कोंबड्यांचा वसंत सहा वर्षांपूर्वीचा. दाण्यांच्या दुकानातून पिलं आणली, खुराड्याला निळा रंग दिला, दारावर फुलं काढली, प्रत्येकीला राणीचं नाहीतर राजकन्येचं नाव दिलं. त्याच ऑक्टोबरात लक्षात आलं की कोंबड्यांना गाडीत भरून ॲरिझोनाला नेता येत नाही.

म्हणून हेल्मी. सकाळ-संध्याकाळ पाणी, दाणे, साफसफाई, आणि मोबदला काय, तर "अंडी सगळी तुझीच." पहिली दोन वर्षं ठीक होतं. पण म्हातारी कोंबडी हिवाळ्यात अंडं घालत नाही, आणि या तर आता उन्हाळ्यातही घालत नव्हत्या. शेवटचं अंडं दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधलं, तेही कवच न धरलेलं, हातात घेतलं की फुग्यासारखं लिबलिबणारं. म्हणजे हेल्मीचा पगार गेली दोन वर्षं असाच लिबलिबत होता.

डार्लीनने ठेवलेली नावं हेल्मीच्या तोंडात बसेनात. तिने नवी ठेवली, आमच्या चर्चच्या महिला मंडळातली. कुठली कोंबडी कोण हे तिने कधी सांगितलं नाही, पण बघितल्यावर कळायचं. मान वर करून सगळ्यांच्या पुढे चालणारी ती पाद्रीणबाई. अंडं न घालता तासभर कोकलणारी कोण, ते इथे लिहीत नाही, लिहिणारीलाही गावात राहायचंय. आणि एका डोळ्याने अधू, गुडघ्यांनी गेलेली, तरी दाणे टाकले की सगळ्यांना ढकलून पहिली येणारी ती लेम्पी. खरी लेम्पी म्हणजे शेजारच्या ओन्नीची बायको. तिच्या कानावर हे गेलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, की माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हेल्मीने भावाच्या स्वयंपाकघरात बसून सांगून टाकलं, की यंदा जमणार नाही. सहा हिवाळे केले, बास. कोंबड्या म्हाताऱ्या झाल्यात, एकेकीला दांडीवर उचलून बसवावं लागतं. बाबा असते तर पहिलं बर्फ पडायच्या आत त्यांचं सूप केलं असतं. इथली रीतच ती. जी अंडं देत नाही तिला हिवाळ्याचा दाणा नाही.

डार्लीनने डोळ्याला रुमाल लावला. आर्वोने वेलदोड्याच्या गोड पावाची ताटली बहिणीपुढे सरकवली, आणि मग कोपराला असा गूळ लावला की विचारू नका.

"हेल्मी, तुला सौना हवाय ना?" तो म्हणाला. "यंदाचा हिवाळा या नऊजणींना काढून दे. एप्रिलमध्ये आलो की सौना आणि भोवतालची एकरभर जागा तुझ्या नावावर करतो. बाबांची शपथ."

हेल्मीच्या हातातला पाव तसाच राहिला.

सौना म्हणजे वाफेची न्हाणी, ती तर प्रत्येकाच्या परसात असते. पण रौतिओंचा सौना वेगळा. तळ्याच्या काठावर, ओंडक्यांचा, दोन खोल्यांचा. आजोबा-आजी फिनलंडहून आले तेव्हा घराच्या आधी त्यांनी तो बांधला आणि पहिला हिवाळा त्यातच काढला, गाय मधे आणि माणसं दोन्ही बाजूंना. बाबा त्यातच जन्मले. आर्वोही त्यातच जन्मला, कारण त्या रात्री रस्ता बर्फाने बंद होता. हेल्मी मात्र इस्पितळात, आणि त्याबद्दल आर्वोने तिला लहानपणभर "शहरातली" म्हणून चिडवलं. आईला आणि बाबांना शेवटची आंघोळ तिनेच आतल्या बाकावर घातली. तिला दुसरं काही नको होतं. पुढच्या खोलीत एक खाट, मागे चूल, खिडकीतून तळं. ओंडक्यांच्या भिंतीतून वारा येत नाही.

तिने हात पुढे केला, आर्वोने तो हातात घेऊन हलवला. ओन्नीने नंतर तिला सांगितलं, की बाई, कागदावर घे. ती म्हणाली, भाऊ आहे तो, बँक नाही. ओन्नी बँकेबद्दल काही वाईट बोलणार होता, पण कुऱ्हाड उचलून लाकडं फोडायला गेला.

मग हेल्मीने त्या नऊ म्हाताऱ्यांवर अशी मेहनत घेतली की काय सांगावं. दांडीच्या जागी रुंद फळी आडवी ठोकली, म्हणजे बसल्यावर पंजे पिसांखाली झाकले जातील. लेम्पीसाठी खालची वेगळी फळी. पेंढा गुडघाभर. तुऱ्यांना रोज व्हॅसलीन. दोघींची पिसं नेमकी नोव्हेंबरात झडली आणि त्या अर्ध्या उघड्या, स्वेटर धुवायला टाकल्यासारख्या उभ्या राहिल्या. त्यांना तिने महिनाभर ओटची गरम पेज भरवली. पाणी दर चार तासांनी गोठायचं, म्हणून आर्वोच्या स्वयंपाकघरातून किटली घेऊन फेऱ्या. आणि खुराड्याच्या वरच्या अंगाला, छपराखाली, हातभर लांब आणि बोटभर रुंद फट तिने उघडी ठेवली. बाबांनी शिकवलेलं. कोंबडी थंडीने मरत नाही, ओलीने मरते. तिचा श्वास बाहेर जायला वाट ठेवावी.

लोक यायचे, सल्ले द्यायचे. दिवा लाव, म्हणाले. तिने नाही लावला. लिंडालांचा गोठा अशाच दिव्याने जळालेला आम्ही सगळ्यांनी बघितलाय. आणि फट बुजव, हे तर प्रत्येकजण म्हणाला. बाहेर उणे तीस आणि भिंतीला भोक, हे बघवत नाही माणसाला. हेल्मी सगळ्यांना एकच सांगायची, की तुमची नाकं बुजवून घ्या आधी.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रेडिओने सांगितलं, पाच दिवस उणे चाळीस. हा आकडा असा की तिथे थर्मामीटरवरची सेल्सिअस आणि फॅरनहाइट ही दोन्ही मापं एकच बोलतात. झाडं फटाफट तडकायला लागली. रविवारी हेल्मी प्रार्थनेला गेली आणि नंतर मंडळाच्या बैठकीला अडकली. ओन्नीच्या मनाने घेतलं, की बिचारी बाई एकटी राबते, आपण तिला एवढी मदत करावी. सत्तरीचा माणूस, गुडघ्याएवढ्या बर्फातून शिडी घेऊन गेला आणि वाळून घट्ट होणाऱ्या फेसाचा डबा फवारून ती फट बाहेरून छान बुजवली. वर प्लास्टिकही ठोकलं. काम इतकं नेटकं की संध्याकाळी हेल्मीने दार लावलं तेव्हा तिला काही दिसलंच नाही.

सकाळी तिने दार उघडलं तर आतल्या भिंतींवर बोटभर पांढरी लव. रात्रभराचा नऊजणींचा श्वास भिंतीला लागून गोठलेला. पिसं ओली, आणि ओल्यावर बर्फ. तुरे पांढरे पडलेले. खालच्या फळीवर लेम्पी लाकडासारखी आडवी.

ओन्नी धावत आला. त्याला समजल्यावर तो तिथेच बर्फात बसला. हेल्मी त्याला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं ओन्नी अजून म्हणतो. पण गाव थोडंच गप्प बसतंय. ओन्नीने लेम्पीला मारलं, ही बातमी दुपारपर्यंत दुकानात पोचली, आणि एका पोस्टमनने तर खरंच घाबरून ओन्नीच्या दारावर थाप मारली. दार खऱ्या लेम्पीने उघडलं.

"अजून गरम आहे मी," ती म्हणाली. "टपाल दे आणि जा."

आम्ही पंधरा दिवस हसलो. हेल्मी तेव्हा आठ कोंबड्या पोत्यात दोन-दोन घालून, चार खेपांत, तळ्याकडे नेत होती. त्याआधी तिने आर्वोला फोन केला होता. पलीकडून वाऱ्याचा आवाज आणि कुणाचं तरी हसणं. तो म्हणाला, तुला सुचेल ते कर, पण मरू देऊ नकोस, डार्लीनचा जीव आहे त्यांच्यात. मागून डार्लीन काहीतरी म्हणाली, ते हेल्मीला ऐकू आलं नाही.

तिला सुचलं ते आमच्या कुठल्याही आजीला सुचलं असतं. पुढच्या खोलीत पेंढा टाकला, कोंबड्या तिथे. मागच्या खोलीत चूल मंद, दार किलकिलं, आणि चुलीवरच्या दगडांवर पाण्याचा थेंबही नाही. वाफ नको, नुसती कोरडी ऊब. आग विझू द्यायची नाही म्हणून ती स्वतः वरच्या बाकावर गाद्या टाकून राहिली. पाच दिवस म्हणता म्हणता पाच आठवडे राहिली. कारण थंडी गेली तरी तुऱ्यांच्या जखमा भरेनात, आणि दुसरं कारण तिने कुणाला सांगितलं नाही, पण धूर तर सगळ्यांनाच दिसायचा. रोज सकाळी सात वाजता सौनाच्या धुराड्यातून सरळ उभा धूर.

त्या पाच आठवड्यांत हेल्मी कशी होती, हे ओन्नी सांगतो. तो रोज लाकडं पोचवायला जायचा, प्रायश्चित्त म्हणून. चुलीवर कॉफी. बाकाखाली पाद्रीणबाई पिसं फुगवून बसलेली. हेल्मी विणत असायची आणि कोंबड्यांना मंडळातल्या भानगडी सांगत असायची, ज्यांच्या त्यांनाच. नळ गोठायची भानगड नाही, तळ्यात भोक पाडून पाणी. तिने खिडकीचं माप घेतलं आणि आईच्या शिवणयंत्रावर पडदे शिवले, निळ्या चौकड्यांचे. ओन्नीला विचारलं, खाट इथे बरी की तिथे? ओन्नी म्हणाला, तिथे, सकाळचं ऊन येईल. मग दोघांनी पायांनी मोजून बघितलं.

एक कोंबडी तिथेच गेली, फेब्रुवारीच्या मध्यावर, तिच्या मांडीवर. थंडीने नव्हे, वयाने. तीही लेम्पीशेजारी पोत्यात गेली आणि तिथून ती सुपाची बातमी निघाली. हेल्मीच्या कानावर ती गेली तेव्हा तिला राग आला नाही. राहिलेल्या सात आता तरतात, एवढंच तिने ओन्नीला मोजून दाखवलं. मार्चमध्ये त्यांना पुन्हा निळ्या खुराड्यात नेलं, फट उघडी करून. सौना घासून काढला, तीन वेळा, राखेच्या पाण्याने. पडदे तसेच ठेवले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बर्फ खचायला लागलं. हेल्मी तळ्याकडे पाण्याला गेली तेव्हा सौनाच्या कोपऱ्यापासून दहा पावलांवर एक खुंटी, आधी गवतात आणि मग बर्फात बुडालेली, डोकं काढून उभी होती. तिला नारिंगी फीत. पुढे दुसरी, मग तिसरी, पार वळणापर्यंत. जमीन मोजणाऱ्यांच्या खुंट्या. तळ्याकाठचे तीन तुकडे पाडले होते आणि सौना मधल्या तुकड्यात. खुंटीच्या सपाट बाजूवर जाड शाईने तुकड्याचा आकडा आणि तारीख लिहिलेली. सत्तावीस सप्टेंबर.

शपथ ऑक्टोबरातली.

ती बादली तिथेच ठेवून ओन्नीकडे गेली. खरी लेम्पी ओट्याशी पीठ मळत होती. हेल्मीने दारातूनच विचारलं, की सप्टेंबरात तळ्यावर कुणी मोजायला आलं होतं का.

ओन्नीने टोपी काढली आणि परत घातली. "आली होती गाडी," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला माहीत असेल."

"आणि नसेल तर?"

ओन्नी पुन्हा टोपीशी चाळा करू लागला. लेम्पी मळलेलंच पीठ मळत राहिली. गाडी त्यांनीच बघितली असं थोडंच आहे. पोस्टमनने बघितली होती, दुकानात त्या मोजणाऱ्यांनी सँडविच घेतले होते, आणि मिनिॲपोलिसच्या कुणा दंतवैद्याने मधला तुकडा बघून ठेवलाय हेही महिला मंडळात कॉफीबरोबर झालं होतं. हेल्मी त्या दिवशी ताटल्या धूत होती. तिच्या सुपात किती गाजरं पडली हे आम्ही तिला न विचारता सांगत होतो. एवढी एक गोष्ट मात्र तिला सांगायची कुणाला सवड झाली नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल. असं आम्ही म्हणतो. खरं म्हणजे आम्हाला तिला कोंबड्यांसाठी किटल्या वाहताना बघायची मजा येत होती, आणि वाईटही वाटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटत असताना माणूस तोंड उघडत नाही.

सगळ्यांना वाटलं, ती आता कोंबड्या सोडून देईल. ती दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला किटली घेऊन खुराड्याकडे गेली. ओन्नीने भीत भीत विचारलं, आता कशाला?

"त्यांनी काय घोडं मारलंय कुणाचं?" ती म्हणाली. "शपथ त्यांनी नव्हती घेतली."

आर्वो आणि डार्लीन एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आले, दोघंही भाजलेल्या पावाच्या रंगाचे. नेमके आम्ही चार-पाचजण तिथे होतो. कुणी केक घेऊन आलं होतं, कुणी उगाच. खोटं कशाला बोला, बघायलाच आलो होतो. हेल्मी खुराड्यापाशी उभी होती, हातात ते पोतं. डार्लीन गाडीतून उतरली ती एक पुठ्ठ्याचं खोकं छातीशी धरून, आणि खोक्यातून चिवचिवाट. बारा पिलं. येता येता दाण्यांच्या दुकानावर थांबले होते.

मग तिला अंगणात फिरणाऱ्या सातजणी दिसल्या. तुऱ्यांची टोकं काळी पडून गळालेली, एकीचं बोट गेलेलं, पण चालत होत्या.

"अगं बाई, आहेत का अजून?" डार्लीन म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती, तिला खरोखर नवल वाटलं होतं. "मी तर यांना फोनवरच म्हटलं होतं, हेल्मीला म्हणावं, त्रास नको घेऊस. केव्हाच गेल्या असतील असं धरूनच चालले होते मी."

हेल्मीने भावाकडे बघितलं. भाऊ गाडीची डिकी उघडत होता, आणि त्या डिकीत फारच काहीतरी शोधत होता.

तिने पोतं उघडून दोन कोंबड्या दाखवल्या. नऊ दिल्या होत्यास, म्हणाली, आणि मोजून दिल्या. डार्लीनने तोंड फिरवून पिलं आत नेली. मग हेल्मीने साध्या आवाजात विचारलं, की सौना नावावर करायला कधी जायचं.

आर्वो पहिल्यांदा करांबद्दल बोलला. मग गाडीच्या गिअरबॉक्सबद्दल. मग म्हणाला, बोलणं नऊंचं झालं होतं, सात म्हणजे काही नऊ नव्हेत. मग त्याचं त्यालाच ते फार हलकं वाटलं असावं. तो म्हणाला की दंतवैद्य भला माणूस आहे, सौना पाडणार नाही, त्याला जुन्या गोष्टींची आवड आहे, हेल्मीला कधीही येऊन बघता येईल. बाहेरून. त्या निळ्या पडद्यांचंसुद्धा दंतवैद्याने कौतुक केलंय, हेल्मीने पाठवलेले फोटो आर्वोनेच त्याला पुढे पाठवले होते.

केकवाली केककडे बघत होती. हेल्मीने पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं. आर्वोने राहता राहिलेलं कामही सांगून टाकलं, की या सातजणींचं आजच काय ते उरकून टाक, पिलांना खुराडं रिकामं लागेल, तुझा हात बसलेला आहे. ती वळली, धान्याची चार रिकामी पोती घेऊन आली आणि एकेक कोंबडी उचलून त्यात ठेवू लागली. दोघी-दोघी, शेवटच्या पोत्यात एकटी पाद्रीणबाई. आपल्या पत्र्याच्या घराच्या ओसरीत न्यायला.

बहीण भांडत नाही, रडत नाही, हे बघून आर्वोला धीर आला की राग आला, देव जाणे. तो तळ्याच्या बाजूला तरातरा गेला, सौनाचं दार उघडून त्याने नाक आत घातलं आणि तिथूनच, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असा, मोठ्याने बोलला. सौनाची एवढी आठवण त्याला दहा वर्षांत झाली नव्हती. त्याला कोंबड्यांचा वास आला होता म्हणे. देवळासारखी जागा, म्हणाला, तिथे आम्हाला लहानपणी आवाज चढवू देत नव्हते. आजीने जिथे बाबांना जन्म दिला, आईने जिथे मला जन्म दिला, तिथे तू कोंबड्या ठेवल्यास. अशा बाईच्या हातात ती जागा द्यायची तरी कशी?

"बाबा असते तर काय म्हणाले असते, सांग मला," आर्वो म्हणाला. "काय म्हणाले असते?"

हेल्मीने शेवटच्या पोत्याला गाठ मारली आणि ते खांद्यावर घेतलं.

"म्हणाले असते, या निदान हिवाळाभर घरी राहिल्या."